चिरेखाणीवर लोकरीचे स्वेटर

रत्नागिरीला जाऊन आले म्हटलं की कोल्हापुरातलं माणूस पहिला प्रश्न विचारतं, "आंबे आणलेस का?" आणले हो, पेटीभर आणले. ते खाऊन संपले, पेटीच्या फळ्या बंबात जळाल्या, आणि मी अजून धुमसतेच आहे. म्हणून लिहायला बसले. ज्यांना समुद्र, नारळी-पोफळी आणि होड्या वाचायच्या असतील त्यांनी दुसरं काही वाचावं. समुद्र मी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. मी पाहिली ती लांज्याजवळची एक चिरेखाण.

आमच्या चर्चच्या बायकांचं एक मंडळ आहे. दर बुधवारी प्रार्थना, मग चहा, मग विणकाम आणि विणता विणता ज्या हजर नाहीत त्यांची उणीदुणी. पण मंडळानं एक काम मात्र चांगलं केलं होतं. लांज्याजवळच्या खाणीवर दगड वाहणाऱ्या बायांच्या पोरांसाठी तिथेच एक पत्र्याची शेड उभी केली होती. मंगल नावाची तिथलीच एक मुलगी त्यात पोरं सांभाळायची, गाणी शिकवायची, दुपारी पेज करून घालायची. तिचा पगार आणि पेजेचे तांदूळ आमचे. यंदा एप्रिलात तिचा निरोप आला, की खाण खोदत खोदत शेडच्या दारापर्यंत आली आहे, शेड दुसरीकडे हलवावी लागेल, नाहीतर मोडावी लागेल. तेव्हा कुणीतरी येऊन बघून जा.

मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे आमच्या आक्का. त्या निघाल्या, आणि सोबतीला मी, कारण मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली होती आणि मला नाही म्हणता येत नाही.

आक्का मनानं लोणी आहेत. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला त्या दुष्ट वाटायला नकोत. दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. आक्कांचा हात विणण्यात असा, की बघत राहावं. निळ्या स्वेटरवर छातीशी पांढरं मेंढरू, त्याला काळे डोळे, गळ्यात लाल घंटा. दर नाताळाला असे स्वेटर गठ्ठा बांधून खाणीवर जायचे. मी एकदा म्हटलं होतं, "आक्का, कोकणात कसली आलीय थंडी?" तर म्हणाल्या, "मायेला हवामान लागत नाही, कुमुद." कपाळ माझं! मीही दोन सुया घेऊन बसले.

आंबा घाट

घाटात एस.टी. तापून थांबली, म्हणून सगळे खाली उतरलो. एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. आक्कांनी घेतली, आणि पांढऱ्या पातळावर काळ्या रसाचे थेंब सांडून घेतले. मग सगळा घाट उतरेपर्यंत त्या रुमालानं डाग चोळत होत्या आणि डाग पसरत होता. खाली साखरप्याला आलो तशी हवा अंगाला चिकटायला लागली. कोल्हापूरचं ऊन चटका देतं आणि सोडतं. इथलं धरून बसतं. आक्का पदरानं वारा घेत म्हणाल्या, "बाई गं, या लोकांचं कसं होत असेल!" मी म्हटलं, "स्वेटर घालत नसतील." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

लांज्याला मंगल स्टँडवर उभी होती. सडपातळ, सावळी, बोलताना शेवटचा शब्द वर उचलायची तिथली पद्धत. तिच्या घरीच उतरलो. तिच्या आईनं जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, फणसाची भाजी आणि सुकटीची चटणी केली होती. उकडा भात आमच्याकडे कुणी खात नाही, लालसर आणि टपोरा असतो, आणि त्याला एक वास असतो. आक्का हळूच मला म्हणाल्या, "भाकरी नसेल का गं?" माऊलीनं ते ऐकलं आणि शेजारून तांदळाची भाकरी आणली. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ती पांढरीफटक, पण मऊ अशी, की मी तीन खाल्ल्या. पाहुण्याला कमी पडू द्यायचं नाही हे घाटाच्या वर काय आणि खाली काय, सारखंच. फक्त खालच्यांकडे असतं कमी आणि वाढतात जास्त.

खाण

सकाळी मंगलबरोबर चालत निघालो. वस्ती संपली की सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. त्याच्यावर गवत वाळून गेलेलं, मधूनच एखादं काजूचं झाड. आणि मग एकदम जमीनच नाही. खाली लालभडक खड्डा, भिंती सुरीनं कापल्यासारख्या सरळ, आणि तळाशी माणसं. पुरुष पहारीनं नि टिकावानं दगड कापून चौकोनी चिरे काढत होते. बाया ते चिरे डोक्यावर घेऊन वर ट्रककडे नेत होत्या. एकेक चिरा भरल्या हंड्याहून जड. हंड्यातलं पाणी निदान हिंदकळून कमी होतं. सगळ्यांच्या अंगावर लाल धूळ, इतकी की पातळाचे मूळ रंग कळेनात.

हे परमुलखातले लोक नव्हेत. आसपासच्याच गावचे. घरचे पुरुष मुंबईला गिरणीत होते, महिन्याला मनीऑर्डर यायची. गिरण्या बंद पडल्या आणि मनीऑर्डरीच्या जागी माणूसच परत आला. आता तो दगड कापतो आणि बायको वाहते.

खाणीच्या काठाशी एक काजूचं झाड होतं. मंगल तिथे थांबली. "आक्कानू, ही आमची जुनी शाळा बरं का," ती म्हणाली. मला कळेना. तिनं बुंध्यावर हात फिरवला. खालच्या बाजूला साल झिजून लाकूड गुळगुळीत झालं होतं, जनावर बांधतात त्या खुंट्याचं होतं तसं. शेड नव्हती तेव्हा बाया आपली पोरं इथे बांधून कामाला जायच्या. पायाला काथ्याची दोरी. खड्ड्याकडे जाऊ नयेत, ट्रकखाली जाऊ नयेत म्हणून. पोरं दिवसभर झाडाभोवती फिरायची, रडायची आणि तिथेच झोपायची.

"सुनंदाचा थोरला गाठ सोडवायला शिकला होता," मंगल म्हणाली. "हुशार होता पोर. ट्रक मागं येत होता."

तिनं बुंध्यावरचा हात काढला. त्यानंतर शेड झाली. सुनंदाची धाकटी सुमी आता त्याच शेडमध्ये होती. तिला बांधलेलं नव्हतं, ती गात होती. सगळी पोरं आमच्यापुढे उभी राहून हातवारे करत गात होती. सुमी सगळ्यांच्या एक ओळ पुढे, कारण तिला घाई फार. पोरांच्या पाठीमागे शेडचं दार, आणि दारापासून चार पावलांवर खाणीची कड.

खाणीचे मालक भाऊशेठ आले. खुर्च्या मागवल्या, कोकम सरबत मागवलं. माणूस गोडबोल्या. "आमी काय नको म्हणताव काय?" ते म्हणाले. "काजूच्या पलीकडं जागा देतो. बांधा तुमी. पत्रे-वासे नि मजुरी तेवढी तुमची. पोरां रस्त्यात नसली की मलाही बरां, ट्रकवाल्यांचा वेळ जात नाय." निदान खोटं तरी बोलला नाही. म्हणजे आता सगळं मंडळावर आलं. पावसाळ्याआधी मंडळानं हो म्हणायचं, की दिवाळीनंतर खाण सुरू होताना नवी शेड तयार. नाही म्हटलं, तर सुमी त्या झाडाला.

आक्कांचे डोळे भरून आले होते. "बांधू या हो, का नाही बांधायची!" त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, झालं काम. आता बाजारात फिरू, काजू घेऊ आणि परतू. जरा बाहेर येऊन उभ्या राहिलो.

आणि खालून बायांची रांग वर आली. पुढे सुनंदा. डोक्यावर चिरा, चिऱ्याखाली चुंबळ, आणि चुंबळ निळी. मला लगेच कळलं. आक्कांना कळायला ती जवळ यावी लागली. घट्ट पिळून गोल वळलेला स्वेटर, बाहीची गाठ मारलेली, आणि कपाळाच्या वर, लाल धुळीत माखलेलं मेंढराचं तोंड. एक डोळा दिसत होता. मागच्या प्रत्येकीच्या डोक्यावर तेच. हिरवं, पिवळं, तपकिरी. माझा तपकिरी मी ओळखला.

सुनंदानं ट्रकपाशी चिरा उतरवला आणि हसत आमच्याकडे आली. तिला मंगलनं सांगितलं होतं, विणणाऱ्या बाई येणार म्हणून. चुंबळ सोडून तिनं दोन्ही हातांनी आक्कांपुढे धरली.

"बाय, तुमीच काय त्या? लय उपकार झाले गो तुमचे. पयली फडक्याची चुंबळ व्हती, टाळूला फोड यायचे. रातची मान वळायची नाय. ह्या मेंढरान माजां डोचकं वाचवलान. ह्या वर्साला आणखी देशाल काय?"

जिच्यासाठी विणलं तिनं समोर येऊन इतक्या मनापासून आभार मानलेले मी तरी कधी पाहिले नाहीत. आणि आक्कांचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे मुलांच्या अंगात घालायला दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"घातलां व्हतां की. घामान पोरीच्या अंगावर घामोळां उठलां. मग म्हटलां, येवढी चांगली वस्तू, फुकट कशाला घालवायची?"

आक्का वळल्या आणि चालू लागल्या. मी तिथेच सुनंदाचा खांदा दाबला आणि म्हटलं, "बरं केलंस." तिला काही कळलं नाही. तिचं हसू अर्धं चेहऱ्यावर राहिलं. आक्का वाटेत एवढंच म्हणाल्या, "धर्माची गाय न् दात का नाय म्हणतात ना, त्यातली गत. इथे तर गाय कापूनच खाल्ली."

"आक्का, त्यांनी दात मोजले नाहीत. त्यांनी गाय नांगराला जुंपली, एवढंच," मी म्हटलं.

"तू फार कडू बोलतेस, कुमुद."

सगळे ओळीत

संध्याकाळी आक्का जेवल्या नाहीत. पडल्या पडल्या रडत होत्या. मंगलची आई घाबरली, तिला वाटलं भात बाधला. मंगल मात्र समजली, आणि पायात चपला सरकवून खाणीच्या वस्तीकडे गेली. तिनं तिथे काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आम्ही निरोप घ्यायला खाणीवर गेलो, तर शेडपुढे सगळी पोरं ओळीनं उभी. अंगात स्वेटर. मे महिना, सूर्य डोक्यावर चढत चाललेला, कातळ तव्यासारखा तापलेला, आणि लोकरीत गळ्यापर्यंत बुडालेली पोरं. पिण्याचं पाणी तिथे बैलगाडीवरच्या पिंपातून येतं, ते राखून बायांनी स्वेटर धुतले होते, चुलीच्या धगीवर धरून सुकवले होते, आणि ताणून ताणून पुन्हा पोरांच्या अंगात चढवले होते. स्वेटर आटून घट्ट झालेले. सुमीचं मेंढरू गोरंमोरं झालं होतं, घंटा उसवली होती. पोरांचे चेहरे लालबुंद. बाया मागे हात जोडून उभ्या. एकीच्याही डोक्यावर आता चुंबळ नव्हती, आणि ट्रक भरायचा बाकी होता.

"बघ!" आक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला. "कळलं त्यांना. सांगितलं की कळतं गं माणसाला." पिशवीतून कॅमेरा काढला.

मी म्हटलं, "आक्का, पोरं उकडून मरतील."

"एक फोटो होऊ दे."

एक फोटो, मग जरा उजेडाकडे तोंड करून आणखी एक, मग आक्का मधोमध आणि फोटो काढायला मी. मी भिंगातून बघत होते आणि सुमी डोळे मिटत होती. खटका दाबला आणि ती ओकली, सकाळची सगळी पेज आक्कांच्या पायाशी. मी कॅमेरा मंगलच्या हातात कोंबला आणि पोरीचा स्वेटर ओढून काढला. तो निघता निघेना, डोक्याशी अडकला, ती आतून किंचाळायला लागली. सुनंदा धावली, पण पोरीकडे नाही. आधी आक्कांचे पाय पुसायला लागली. "माफ करा बाय, तिच्या मनात तसां नव्हतां," ती म्हणत होती. तेव्हा मला जे काही वाटलं ते सभ्य शब्दांत लिहिता येत नाही.

आक्का प्रेमळपणे म्हणाल्या, "असू दे गं, लेकरूच ते."

स्टँडवर भाऊशेठनं आंब्याची पेटी पाठवली होती. एस.टी. सुटायच्या आधी सुनंदा खिडकीशी आली, खांद्यावर सुमी झोपलेली. आक्कांना विचारायचं धाडस तिला झालं नाही, मला विचारलं, "बाय, शाळा ऱ्हाईल ना ओ?"

आक्कांनीच उत्तर दिलं, "देव आहे, बाई."

मी म्हटलं, "मी भांडेन." तिनं मान डोलावली. दोन्हींतलं तिला कुठलं पटलं, ठाऊक नाही.

बुधवार

भांडले. बुधवारच्या बैठकीत फोटो हातोहात फिरले. ओळीत उभी पोरं, छातीवर मेंढरं, लाल गाल. "कशी गुटगुटीत दिसतात!" "गाल बघ किती लाल!" अगं बायांनो, ते गाल उन्हानं लाल झालेत! ओकीच्या आधीचा फोटो आहे तो! कुणी ऐकलं नाही. मुद्दा असा निघाला की लोकर महागली आहे, आणि शेड आणि स्वेटर दोन्ही यंदा झेपायचं नाही. मी म्हटलं, मग प्रश्न कसला? शेड! मी झाडाचं सांगितलं, गुळगुळीत बुंध्याचं सांगितलं, सुनंदाच्या थोरल्याचं सांगितलं. दोघी-तिघी रडल्यासुद्धा.

मग आक्का शांतपणे बोलल्या. "बालवाडी काय, उद्या सरकारसुद्धा काढेल. मायेची ऊब सरकार देणार आहे का?" आणि त्या स्वतः मधोमध होत्या तो फोटो त्यांनी वर धरला.

हात वर झाले. स्वेटरच्या बाजूनं माझा सोडून सगळे. शेडच्या बाजूनं माझा, आणि आमच्या एक थोरल्या मावशी आहेत त्यांचा. त्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी दोन्ही वेळा केला. आभाराची प्रार्थना झाली. चहा मी घेतला नाही. एरवी मंडळाचा चहा मी सोडत नाही.

पुन्हा लांजा

नाताळाच्या आधी स्वेटरांचा गठ्ठा पोचवायचा तर जाणार कोण? आक्कांचे गुडघे धरलेले. मीच गेले. म्हटलं, निदान सुमीला बघून येऊ.

मंगल स्टँडवर नव्हती. ती आता काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. तिथेच तिला भेटले. बियांच्या तेलानं तिची बोटं काळी पडली होती, कातडी सोलवटली होती. "पोरांना गाणी येतात अजून," ती म्हणाली. "शिकवलेली जात नाय ती." आणि पुन्हा बिया फोडायला लागली, कारण मुकादम बघत होता.

खाणीवर एकटी गेले. जिथे शेड होती तिथे आता खड्डा होता. पोरं उभी राहून गायची ती जमीन कापून, चौकोनी करून, ट्रकात घालून कधीच गेली होती. त्यातून कुणाचं तरी घर उभं राहिलं असेल. काजूचं झाड मात्र तिथेच. आणि झाडाखाली पोरं.

सुमी मला बघून उठली आणि धावली. दोरी संपली तिथे थबकली, अगदी सवयीनं, न बघता. कुठपर्यंत जाता येतं ते तिच्या पायांना पाठ झालं होतं. मग तिथेच उभी राहून तिनं मला गाणं म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट, एक ओळ पुढे. मी खाली बसले. तिच्या घोट्याला बांधलेली दोरी निळी होती. मध्ये मध्ये पांढरे धागे, एखादा लाल. वेणीसारखी सुबक वळलेली.

सुनंदा चिरा टाकून आली. डोक्यावर आता पुन्हा फडक्याची चुंबळ. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं मी रागावले, कारण ती घाईघाईनं सांगायला लागली.

"बाय, उसवला तो. काय करू तं? पयल्या झटक्याला काथ्या बांधला, तर पोरीचा पाय काचला, चिघळला. मग उसवून वळला. लोकर मऊ हाय ना, काचत नाय. आणि गाठ अशी घट बसते की पोराला सुटत नाय." तिनं गाठीला हात लावून दाखवलं. थोरल्याचं नाव तिनं घेतलं नाही. "सगळ्यांनीच केलां तसां. आक्कानां सांगा हां, वाया नाय घालवलां म्हणून. पोरांसाठीच वापरलां."

मी गठ्ठा सोडला. तिनं वरचा स्वेटर उचलला, मेंढराकडे पाहिलंही नाही, काठ दोन बोटांत धरून चोळून बघितला.

"ह्या वर्साची लोकर जाड हाय," ती म्हणाली. "चांगली वळंल."

सुमीला जवळ घेऊन बसले. ट्रकचा हॉर्न वाजला आणि सुनंदा गेली.

कोल्हापूरला आल्यावर तडक आक्कांकडे गेले. त्या गॅलरीत उन्हाला बसून विणत होत्या. मी काही झाकलं नाही. शेडच्या जागेचा खड्डा सांगितला, मंगलची बोटं सांगितली, झाड सांगितलं, सुमीच्या पायातली निळी दोरी सांगितली, त्यात मेंढराचा पांढरा धागा होता हेही सांगितलं. जेवढं कडू बोलता येईल तेवढं बोलले. आक्कांच्या सुया थांबल्या. डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पदरानं टिपलं. मला वाटलं, पोचलं.

मग त्यांनी विचारलं, "काचत नाही ना गं पण पोरीला?"

"नाही," मी म्हटलं.

"बघ," आक्का म्हणाल्या, "लोकर मी पारखूनच घेतली होती." आणि पुढची ओळ विणायला घेतली.